तात्यांचे न खायचे तांदूळ

आमचे घरमालक तात्या पावसाळ्याचे चारही महिने तांदूळ भाजायचे आणि त्यातला एक दाणा तोंडात टाकायचे नाहीत. घरचा इंद्रायणी, वास असा की शेजारच्यानं पान घेऊन यावं. तो कढईत करकरीत तापवायचा, निवाला की पत्र्याच्या मोठ्या डब्यात ओतायचा, वर जुन्या धोतराचा तुकडा पसरायचा आणि त्यावर ठेवायची दुर्बीण. मग घट्ट झाकण लावून डबा कपाटात. कपाटात झिरोचा बल्ब कायम पेटलेला. लोडशेडिंगनंतर वीज आली की तात्या आधी कपाट उघडून बघायचे, मग घरातल्यांना विचारायचे, "जेवलात का?"

गावच्या धरणाच्या कामावरच्या कुणा साहेबानं बदली होताना ती दुर्बीण त्यांना दिली होती. रोज सकाळी तात्या अंगणाच्या टोकाला उभे राहून ती धरणाच्या पाण्याकडे लावायचे. काय बघता म्हटलं तर म्हणायचे, "बगळं." मी बगळे मोजून बघितले. बहुतेक सकाळी एकही नसायचा.

आम्ही नवराबायको लातूरचे, हिंजवडीला कंपनीत नोकरीला. कासारसाईत तात्यांच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या तेव्हा माझ्याकडे कॅमेरा होता आणि त्याची लांबलचक लेन्स होती. ती मी चामड्याच्या पाकिटात, पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी ट्रंकेत अशी ठेवली होती. आमच्या लातूरला प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं बुरशी कुठून येणार? माझ्या व्यवस्थितपणाचा मला केवढा अभिमान! पहिल्याच पावसाळ्यात मी ती बाहेर काढली, तर तात्यांनी ती उजेडात धरली. आत कोळिष्टकासारखे पांढरे धागे.

"बघा, बुरा! लोनच्यावरचा बुरा चमच्यानं काढता येतोय ताई. काचेतला बुरा काचच खातोय. बंद ठिवलं की बुरा आलाच."

पुण्याच्या कारागिरानं लेन्स उघडून साफ करून दिली. तेव्हापासून तीही तात्यांच्या कपाटात राहायला गेली, ओल पिणाऱ्या मूठभर भाजल्या तांदळाच्या वेगळ्या छोट्या डब्यात.

"बंद ठिवलं की बुरा आलाच," हे तात्यांचं वाक्य कुठंही लागू पडायचं. पुणेकरांनी गावात बंगले बांधून लावलेली कुलपं, सुनेच्या कपाटातले शालू, ग्रामपंचायतीची कधी न उघडणारी कपाटं, सगळ्यांना तोच न्याय. एकदा माझी नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरून चाललेली लढाई ऐन रंगात होती, तर खिडकीतून आवाज आला, "ताई, तोंडबी बंद ठिवू नगा. त्यालाबी बुरा येतोय." आम्ही दोघं हसलो, आणि माझी जिंकत आलेली लढाई वाया गेली.

श्रावणात तात्या लेकीच्या बाळंतपणाला पंधरा दिवस मुठा गावाला गेले. जाताना डबे माझ्या हवाली केले. "दोन दिसांनी तांदूळ भाजायचं. बाकी काय न्हाई." चार दिवस मी इमानदारीनं भाजले. पाचव्या दिवशी लातूरहून न कळवता सात पाहुणे आले आणि घरातले तांदूळ संपलेले. मी तात्यांचा मोठा डबा रिकामा केला. भात झाला मात्र झकास! वर मला आणखी एक शहाणपण सुचलं. धोतराचा तुकडा मळकट दिसला म्हणून मी तो साबणानं धुतला. श्रावणात कपडे वाळतात थोडेच? दमटच होता. तसाच रिकाम्या डब्यात घालून मी त्यावर दुर्बीण ठेवली, घट्ट झाकण लावलं आणि विसरून गेले.

तात्या परतले त्याच्या दुसऱ्या सकाळी लख्ख उघडीप होती. ते दुर्बीण घेऊन अंगणात गेले. एकदा बघितलं, काच पुसली, पुन्हा बघितलं.

"ताई, धुकं हाय का वो?"

धुकं कुठलं! भात, साबण, सगळं मी भडाभडा सांगून टाकलं. तात्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते मटकन पायरीवर बसले.

"आता दादा कसा दिसायचा?" म्हणाले.

तेव्हा बगळे कोण ते मला कळलं. पाण्यापलीकडे कौलारू घर होतं, ते तात्यांच्या थोरल्या भावाचं. बांधावरून भांडण झालेलं. अकरा वर्षं एकमेकांशी शब्द नाही. "सकाळच्याला गोठ्यात येतोय त्यो. औंदा काठी घेतलीय. बोलत न्हाई आमी, पर बघाया काय बंदी हाय?"

मला रडूच आलं. पळत जाऊन मी माझी लेन्स आणली. तिला डागही नव्हता, तात्यांच्याच कृपेनं. कॅमेऱ्याला लावून त्यांच्या डोळ्यापुढे धरली. ते बराच वेळ बघत राहिले.

"गुरं हंबरत्यात जनू. गोठ्यात कुनी न्हाई. दार बंद हाय, ताई. दादाचं दार ह्या टायमाला कंदीच बंद नसतंय."

"तात्या," मी म्हटलं, "बंद ठेवलं की काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की खोली सोडावी लागणार असंच मला वाटलं. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "तुमची स्कूटी काडा."

धरणाच्या भिंतीवर निम्म्यात आलो तर समोरून काठी टेकत एक पांढरी टोपी येत होती. तात्यांनी माझ्या खांद्यावर थापटलं. मी गाडी थांबवली. दोघं म्हातारे दहा पावलांवर उभे राहिले, आणि मी मेली मधे स्कूटी धरून.

"शिरपा," थोरला म्हणाला, "जित्ता हायेस न्हवं?"

"हाय की. तू कुटं निघालास?"

"तुज्याकडंच. रोज सकाळच्याला तिकडनं तुजी काच चमकायची. मधी दोन दिस ऊन पडलं, तरीबी चमकली न्हाई. म्हटलं, बघून यावं."

तात्यांनी टोपी काढली, तिनंच डोळे पुसले.

"बुरा आला व्हता, दादा."