कोनहट्टीच्या पाण्याचा बंदोबस्त

पाणी नेहमी उताराकडे वाहतं आणि सरकारी काम नेहमी मोकळ्या जागेकडे. यातला पहिला नियम कल्लप्पा सोलापूरच्या कॉलेजात शिकला; दुसरा त्याला बहात्तरच्या दुष्काळाने शिकवला.

कल्लप्पा हा कोनहट्टीचा पहिला बी. ए. विषय भूगोल. दुधनीपासून पुढे, राज्याच्या अगदी काठावर असलेल्या या गावात भूगोलाच्या बी. ए.चा उपयोग काय, यावर पारावर बराच खल झाला होता. सोलापूरच्या सेवायोजन कार्यालयात त्याने नाव नोंदवलं होतं. तिथल्या साहेबांनी त्याला मायेने समजावलं की नाव नोंदवून घेणं हे आमचं काम, नोकरी लागणं हे तुमचं. (कामाची इतकी स्वच्छ वाटणी फार थोड्या कचेऱ्यांत आढळते.)

मग दुष्काळ पडला. दुष्काळाबद्दल लोक वाईटच बोलतात, पण एक मान्य केलं पाहिजे. जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या बेकारांना काम देणारा इतका कर्तबगार अधिकारी त्याआधी सोलापुरात बदलून आला नव्हता. जे रस्ते कुठेच जात नव्हते, त्यांच्यासाठीही खडी फुटू लागली. कोनहट्टीला पाझर तलाव मंजूर झाला आणि कल्लप्पा त्यावर हजेरी-कारकून म्हणून लागला. त्याची आई चंद्रव्वा त्याच कामावर मातीच्या पाट्या वाहायची. आपला मुलगा सावलीत बसून आपलीच हजेरी मांडतो, हे बघून तिचा ऊर भरून यायचा. शिक्षणाचं चीज झालं, असं ती चारचौघींत सांगायची.

तलावाची मूळ जागा गावाच्या वरच्या अंगाला, आबासाहेबांच्या मळ्यात होती. तिथे पाणी अडलं असतं तर ते मुरत मुरत खालच्या साऱ्या विहिरींना लागलं असतं. चंद्रव्वाच्या विहिरीलाही, जिच्यातला शेवटचा बेडूक शिमग्यालाच गाव सोडून गेला होता. पण आबासाहेब गावच्या दुष्काळ निवारण समितीचे अध्यक्ष होते. अध्यक्षाचाच मळा बुडाला तर निवारण करायचं कुणी, असा प्रश्न त्यांनी समितीपुढे ठेवला. प्रश्न बिनतोड होता. ओव्हरसियर रावजींनी नकाशावरचा तलाव खोडरबराने पुसला आणि गावाच्या खालच्या अंगाला, राज्याच्या हद्दीला खेटून असलेल्या गायरानात काढला. (पेन्सिल तीच वापरल्यामुळे खर्चात वाढ झाली नाही.)

कल्लप्पाने जागा पाहिली आणि उतार ताडला. पाझर तलावाचं पाणी खालच्या बाजूला मुरतं, आणि या बांधाच्या खाली कोनहट्टी नव्हतीच. खाली दुसरं राज्य होतं. पण त्याच्या नेमणुकीच्या हुकमात 'काम पूर्ण होईपर्यंत' असं म्हटलं होतं, 'पाणी मिळेपर्यंत' असं कुठेही नव्हतं. बोलला असता तर काम थांबलं असतं, आणि चारशे माणसं दुसऱ्या दिवशी रेशनची मिलो ज्वारी शिजवायची बंद झाली असती. अशी सार्वजनिक हिताची कारणं सापडली की माणसाला गप्प बसणं फार सोपं जातं.

एकदा दुपारच्या सुट्टीत, कामावर वाटलेली सुकडी खाता खाता चंद्रव्वाने विचारलं, "कल्लू, येवडं ढिगारं रचतोय आमी. आपल्या हिरीला पानी लागंल न्हवं?"

कल्लप्पाने उताराकडे पाहिलं, मग हजेरीपत्रकाकडे पाहिलं.

"लागंल की, अव्वा."

त्या दिवसापासून चंद्रव्वा पाटी शिगोशीग भरून घेऊ लागली.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. तलाव भरला, नारळ फुटला, आबासाहेबांचं भाषण झालं. दिवाळीपर्यंत तलावात पोरं लगोरी खेळू लागली. लोक घाबरले, पण रावजींनी खुलासा केला. पाझर तलावाने पाझरायचं असतं. ज्यात पाणी राहतं तो तलाव नापास. या कसोटीवर कोनहट्टीचा तलाव तालुक्यात पहिला आला. पलीकडच्या गावात विहिरी काठोकाठ भरल्या आणि लोकांनी ऊस लावला. (पलीकडच्या राज्याचं नाव त्याच सुमारास बदलून कर्नाटक झालं होतं. पाण्याला तसं कळवल्याचं दिसत नाही, तरी ते बरोबर पोचलं.)

गावाने तक्रार केली. 'सदर पाणी भूमिगत मार्गाने हद्द ओलांडून जात आहे' हे वाक्य वाचताच समितीच्या ध्यानात आलं की हा प्रश्न पाटबंधाऱ्याचा नसून संरक्षणाचा आहे. लगोलग नागप्पा हवालदाराला तलाव-रक्षक नेमण्यात आलं. नागप्पा पासष्टची लढाई लढून आलेला गडी. "शत्रू कोन?" एवढंच त्याने विचारलं, आणि उत्तर ऐकून तो काठी घेऊन, दक्षिणेकडे तोंड करून बांधावर उभा राहिला. त्याच्या कारकिर्दीत जमिनीवरून एक थेंबही पलीकडे गेला नाही. जमिनीखालचं खातं त्याच्याकडे दिलेलं नव्हतं.

काम पूर्ण झाल्यामुळे कल्लप्पाची नोकरी गेली. पण आबासाहेब माणसाची पारख असलेले गृहस्थ. त्यांनी गावात हायस्कूल काढलं आणि त्याला भूगोल शिकवायला घेतलं. ज्याला सगळं कळतं आणि जो काहीच बोलत नाही, असा शिक्षक नव्या संस्थेला मिळणं भाग्याचं असतं.

एका संध्याकाळी तो शाळेतून बांधावरून घरी निघाला होता. समोरून चंद्रव्वा आली, डोक्यावर भरलेली घागर. तिची बहीण काशम्मा पलीकडच्या गावात दिलेली. तिच्या विहिरीवरून पाणी आणलं होतं. नागप्पाने काठी आडवी धरली.

"अक्का, कुटलं पानी हे?"

"आपलंच हाय. परत आनलंय."

नागप्पाने टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. पळालेलं पाणी परत आणण्याच्या मोहिमेत पुढे गावच्या सगळ्या बायका सामील झाल्या. मोहीम अजून चालू आहे.

कल्लप्पा तिच्या बरोबरीने चालू लागला. थोडं गेल्यावर ती म्हणाली, "तू भूगोल शिकलास न्हवं? पानी कुटं जानार, तुला ठावं न्हवतं व्हय?"

"ठावं होतं, अव्वा. पन मला कुनी इचारलंच न्हाय."

"म्या इचारलं होतं की."

त्याने घागर घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही. कल्लप्पाला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पदवीची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सहामाही परीक्षा होती. त्याने प्रश्न घातला : पाझर तलावाचा फायदा सांगा. साऱ्या वर्गाने, घरून पलीकडचं पाणी पिऊन आलेल्या साऱ्या वर्गाने, लिहिलं : विहिरींचं पाणी वाढतं. कल्लप्पाने बराच वेळ लाल पेन्सिल हातात धरली आणि मग सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले.

उत्तर बरोबरच होतं. तुम्हीही शाळेत हेच लिहिलं असणार. कुणाच्या विहिरींचं, असं तुम्हाला कुणी विचारलं नाही, तुम्हीही कुणाला विचारलं नाही, आणि म्हणून तर तुम्ही पास झालात.