नरसय्यामामांची तिरकी रेघ

आमच्या शेजारच्या नरसय्यामामांना जगात कुठंही रेघ दिसत नसे. दारात हिनं रांगोळी काढली की ते वाकून बघत आणि म्हणत, "वैनी, रेघ म्हणून काय नसतंय. घरं असत्यात. ह्यात दोन चुकल्यात." चुकलेलीच असत, मी मोजून पाहिलंय.

सोलापुरात पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात मामा ग्राफमास्तर होते. मोर असो की वेल, चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्यावरून माग विणणार. तीस वर्षं हेच काम. शाळा दुसरीत सुटलेली, म्हणून अमेरिकेतल्या मुलाची पत्रं मी वाचून दाखवत असे. श्रीनिवास तिथं कॉम्प्युटरवर चित्रं काढण्याच्या कामात होता. त्याला गणित मीच शिकवलेलं. आता वाटतं, जरा कमी शिकवायला हवं होतं.

पहिलं पत्र, बापाला तेलुगूतली 'नान्ना' ही हाक घालून, आठ पानी. त्यात लिहिलं होतं, लाइन म्हणजे यंत्रानं पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेली सरळ रेघ.

"खोटं हाय, गुरुजी," मामा म्हणाले. "रेघ नसतीय."

गल्ली महिनाभर हसली. मीही हसलो.

चार वर्षांनी पत्रं तीन पानांवर आली, आणि लाइनचा अर्थही बदलला. आता लाइन म्हणजे ठिपक्यांची आडवी ओळ. सगळं चित्र म्हणजे रंगवलेली घरं! बापाच्या ग्राफचा मात्र एका शब्दानं उल्लेख नाही. मी चिडलो.

"फुडं वाचा की," मामा म्हणाले.

पुढं होतं, की अशा चित्रात तिरकी रेघ पायऱ्यांसारखी दिसते. पण आता नवा उपाय सापडलाय, कडेच्या घरांत मधला रंग भरायचा. मामा उठले. आतून एक पिवळा पडलेला ग्राफ घेऊन आले. मोराच्या मानेला कडेकडेनं फिकट घरं भरलेली होती.

"आत्ताच कळवतो त्याला!" मी पेन उघडलं.

"नगा. ल्हिवा, नान्नाला कळलं न्हाय, नीट इस्कटून सांग."

"अहो, पण तुम्हाला तर—"

"कळलं म्हणून ल्हिवलं की पत्र संपतंय, गुरुजी."

चुकीचं उत्तर मी कधी कुणाला लिहून दिलं नव्हतं. ते दिलं.

दोन महिन्यांनी जबाब आला. अर्धं पान. 'नान्ना, राहू द्या. तुम्हाला नाही समजणार.' मी जसंच्या तसं वाचलं.

मामांनी कागद हातात घेतला. खालच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवत राहिले.

"हितं अजून लई घरं बसली असती," ते म्हणाले.