दोष कोणाचा, गफ्फारभाईला विचारा

गफ्फारभाईची दाढ दुखायला लागली तेव्हा त्यानं दोष अर्थमंत्र्याला दिला. एका गालावर सूज घेऊन, उरलेल्या अर्ध्या तोंडानं तो मला समजावत होता की सरकार परदेशातून साखर आणतंय आणि परक्या साखरेची आपल्या दातांना सवय नाही. दाढ काढून दोन दिवस झाले तरी त्याचं मत बदललं नव्हतं.

मी तेव्हा कोरपन्याच्या शाळेत नवीनच बदलून आलो होतो. नव्वदीचं दशक उतरणीला लागलं होतं. माझ्या खोलीसमोरच गफ्फारभाईचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत, कानामागे पेन्सिल खोचलेला माणूस. ती पेन्सिल कशासाठी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तो कधी काही लिहायचा नाही. सायकल घेऊन गेलं की काम दहा मिनिटांचं आणि दोषी शोधायला अर्धा तास. चेन तुटली तर लोखंडाच्या आयातीचं धोरण. घरी डाळ करपली तर रॉकेलमधली भेसळ, आणि भेसळीला मोकळं रान देणारं सरकार. त्याची कोंबडी अंडी द्यायची थांबली तेव्हा मात्र तो जरा अडला. मग म्हणाला, "जागतिक मंदी हाये, गुरुजी. तिले बी लागते."

त्या काळात दिल्लीत सरकारं भराभर पडत होती आणि त्यात गफ्फारभाईचे फार हाल व्हायचे. एका मंत्र्याचे गुन्हे जरा कुठं पाठ होतात तो मंत्रीच जायचा. सत्तेवर असेल तो पक्ष त्याला दुसऱ्या पक्षाचा हस्तक समजायचा. सत्तेबाहेरचे लोक चहा पाजायचे. निकाल लागला की पाजणारे बदलायचे. अर्थसंकल्पाच्या दिवशी तो दुकान बंद ठेवून, मयतीला उभं राहावं तसा रेडिओसमोर उभा राहायचा.

गावाबाहेरच्या बंद जिनिंगविषयी बोलताना मात्र तो विनोद करायचा नाही. कापसातली सरकी काढायचा तो कारखाना काही वर्षांपूर्वी बंद पडला होता. गफ्फारभाई तिथं फिटर होता आणि कामगारांचा पुढारीही. नवं धोरण आलं, बाहेरचा कापूस आला, मालकानं मशिनी उचलून नेल्या, असं तो सांगायचा. मला ते पटायचं. पेपरातही साधारण तसंच असायचं.

दर शुक्रवारी नमाज झाली की तो सायकल काढून जिवतीच्या बाजूला निघून जायचा. एकदा मतदारयादीच्या कामानं मलाही त्याच बाजूच्या गावात जायचं होतं, म्हणून बरोबर निघालो. सागाच्या रानातून, चढावर सायकली ढकलत आम्ही देवाजी मडावीच्या घरी पोचलो. देवाजी जिनिंगवरचा जुना हमाल. जिनिंग गेल्यावर गिट्टी फोडायच्या मशिनीवर राबला आणि छातीत धूळ भरून घरी परतला. अंगणात बाजेवर उशीला टेकून बसला होता. दोन वाक्यं बोलला की धाप लागायची.

गफ्फारभाईनं आणलेली औषधं त्याच्या बायकोला, सुगंधाबाईला दिली आणि बाजेशेजारी बसून तासभर सरकारला झोडपलं. देवाजी ऐकत होता. मधूनच "हो भाऊ" म्हणत होता. मला वाटलं, बिचाऱ्याला आराम तरी करू द्यावा.

त्या पावसाळ्यानंतर देवाजी गेला. गफ्फारभाई मातीला जाऊन आला आणि दुकानात मुकाट काम करू लागला. मी मुद्दाम कांद्याच्या भावाचा विषय काढला. "असंन," एवढंच म्हणाला.

तशात निवडणूक आली. विरोधी पक्षाच्या लोकांना जिनिंगची आठवण झाली. बंद कारखाना, उपाशी कामगार, गिट्टीच्या धुळीनं मेलेला देवाजी. हे सांगायला गफ्फारभाईपेक्षा चांगला माणूस कुठला? तो चटकन तयार झाला, याचंच मला आश्चर्य वाटलं.

बाजारच्या दिवशी दुपारी सभा होती. गफ्फारभाई धुतलेला सदरा घालून माइकसमोर उभा राहिला. लोक आधीच हसायच्या तयारीत होते.

"जिनिंग सरकारनं बंद नाई केली," तो म्हणाला. "मी केली. ऐन हंगामात संप कराले मी लावला. देवाजी मडावी हात जोडून सांगत होता का कापूस येऊन पडला हाये, पंधरा दिवस थांबा. मी त्याले चारचौघात मालकाचा कुत्रा म्हटलं. मालकाले बहानाच पायजे होता. तो आमी देल्ला."

लोक हसले. मागच्यांनी टाळ्याही वाजवल्या. गफ्फारभाई हसणाऱ्यांकडे बघत उभाच राहिला. तेवढ्यात उमेदवारानं त्याच्या खांद्यावर हात टाकून माइक घेतला आणि गहिवरून म्हणाला की पाहा, या सरकारनं आमच्या कामगाराला इतकं खचवलंय की तो स्वतःलाच दोषी समजायला लागलाय. यावर तर जास्तच टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. सुगंधाबाईकडे जायचं होतं, पण एकट्यानं जाववत नव्हतं.

ती अंगणात तेलासाठी मोहाच्या बिया, टोळं, फोडत बसली होती. गफ्फारभाईनं सभेत सांगितलं ते सगळं पुन्हा तिला सांगितलं, जमिनीकडे बघत. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. मग म्हणाली, "ते जानत होते, भाऊ. पह्यल्या दिवसापासून."

"मंग बोलला काऊन नाई?"

"म्हनत, त्याले सरकारले शिव्या देऊ द्या. सामनासामनी बोललो त तो येनार नाई. अन् मले शुक्रवारची सवय झाली हाये."

गफ्फारभाईनं मान हलवली. मग उठला आणि दाराशी गेला. कडीचा बोल्ट ढिला झाला होता. त्यानं खिशातून पाना काढला आणि खाली बसून बोल्ट आवळू लागला. बोल्ट केव्हाच घट्ट बसला होता. सुगंधाबाईनं चहा आणून शेजारी ठेवला, तरी तो आमच्याकडे पाठ करून पाना फिरवतच होता.