महबूब मिस्त्रींचे दस्ते

बंदुकीचा लाकडी दस्ता बदलून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला महबूब मिस्त्री आधी भर रस्त्यात उभं करायचे आणि समोरच्या हॉटेलाच्या पत्र्यावरच्या कावळ्यावर नेम धरायला लावायचे. बंदूक रिकामी असायची, पण हे हॉटेलवाल्याला रोज पटवायचं कुणी? तो आपला बाकाखाली. कावळा मात्र हलायचा नाही. त्याला उमरग्यातल्या बंदुका ठाऊक होत्या.

गिऱ्हाईक नेम धरून उभं राहिलं की मिस्त्री त्याच्याभोवती फिरून दस्ता किती लांब हवा ते ठरवायचे. फिरता फिरता तोंड सोडायचे. "अजी, हा खांदा हाय का खुंटी? मान अशी का, कोंबड्यावानी?" एका हवालदाराला तर म्हणाले, "तुमी लाठीच वापरा."

माझं सायकलचं दुकान त्यांच्या दुकानाला चिकटून, त्यामुळं हे सगळं दिवसभर माझ्या कानावर. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. पोलीस ॲक्शननंतर बहुतेक बंदुका सरकारजमा झाल्या. उरल्या त्या रानडुकरं हाकलायच्या, दस्त्याला तार आवळलेल्या. मिस्त्रींचा तोरा मात्र अजून हैदराबादचा. "आमी नवाबांच्या रायफलींना अक्रोडाचे दस्ते चढवले!" कुठल्या नवाबांच्या, असं विचारलं की म्हणायचे, चहा लई गरम हाय. इथं मिळायची बाभूळ, फार तर शिसव. ती तासताना असं तोंड करायचे, जणू शाही बिर्याणीच्या आचाऱ्याला अंबाडीची भाजी निवडायला बसवलंय. स्वतः त्यांनी जन्मात एक गोळी झाडली नव्हती. दिवाळीत फटाका वाजला तरी हातातला रंधा टाकायचे.

मला या माणसाचा वीट आला होता.

एका बाजारच्या दिवशी सास्तूरकडचे एक पाटील आले. त्यांच्या गावचा एक शेतकरी वारला होता. त्याची बंदूक पाटलांनी रीतसर आपल्या नावावर करून घेतली होती. पाटलांचे हात लांब, दस्ता आखूड. नवा हवा होता. त्या शेतकऱ्याची बायकोही बाजाराला म्हणून पाटलांच्याच गाडीतून आली होती. ती पायरीखाली उभी राहिली.

मिस्त्रींनी पाटलांना रस्त्यात उभं केलं. "हे हात हायत का वासे?" म्हणून घेतलं. मग आत येऊन स्क्रू काढले, जुना दस्ता सुटा केला आणि उजेडाला धरला. नेम धरताना गाल टेकतो, तिथं लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. घामानं काळपट पडलं होतं.

"टाका तिकडं सरपणात," पाटील म्हणाले.

मिस्त्री उठून पायरी उतरले. एरवी गिऱ्हाइकासाठी ते मांडीसुद्धा बदलत नसत.

"बहेन, मालकांचा गाल इथं टेकायचा. बघा."

बाईनं पदराबाहेर हात काढला आणि त्या जागेवर ठेवला. मग तो उचलेचना.

"घेऊन जा घरी," मिस्त्री हळू म्हणाले. "लोखंड पाटलांचं, हे तुमचं. आन याला तेल लावू नका. पुसून जाईल ही खूण."

बाईनं दस्ता पदरात गुंडाळला आणि गाडीकडं गेली. मिस्त्री बराच वेळ तिकडंच तोंड करून उभे.

"अहो मिस्त्री, माझ्या दस्त्याचं काय?" पाटील ओरडले.

मिस्त्री पायरी चढून आत आले आणि बाभळीची एक फळी पुढ्यात ओढली.

"तुमाला काय, नुसतं लाकूड पायजे. ते लई पडलंय."