रंगवलेली तुळई

योगीराजनं भरल्या हॉटेलात जाहीर करून टाकलं, "चार दिवसांत तुळई बदलून दाखवतो! वरची चिमूटभर माती खाली सांडली, तर नाव बदला माझं!"

हॉटेलातल्यांनी चहा पिता पिता माना डोलावल्या. दुसऱ्याचं घर उघडायचं म्हटलं की गावाला नेहमीच हुरूप येतो.

योगीराज तालुक्याच्या गावी, वाशीच्या एका कॉलेजात क्लार्क. घर मात्र गावातच, पणजोबांच्या वेळचं माळवद. सागवानी खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर लाकडी पट्ट्या, त्यांवर लिंबाचा पाला आणि सगळ्यांच्या वर हातभर जाडीची पांढरी माती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर अर्ध्या गावानं असली माळवदं पाडून पत्रे टाकले. योगीराजच्या वडलांनी पाडलं नाही. आणि योगीराजला तर त्या घराचा एवढा अभिमान, की पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी तो खांब दाखवायचा!

त्या अभिमानापायीच दोन वर्षांपूर्वी त्यानं सोप्यातल्या मोठ्या तुळईला चकचकीत तपकिरी ऑइलपेंट मारला होता. तुळई बाहेरून नवरीसारखी नटली. आत वाळवी निवांत जेवत बसली. ह्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोनं, राजेश्वरीनं, जाळी काढताना झाडूचा दांडा तुळईला टेकवला, तर दांडा वीतभर आत गेला!

"अहो, इकडं या! तुमच्या तुळईत दांडा घुसला!"

"हळू लावायचा की! रंग उडाला असंल!"

"रंगच ऱ्हायलाय नुसता. लाकूड कुठंय?"

राजेश्वरीचं म्हणणं सरळ होतं. पाडा आणि स्लॅब टाका. "मला ह्या मातीखाली मरायचं न्हाय," असं ती रोज भाकरी थापताना सांगायची आणि दर भाकरीला एकदा सांगायची. शेवटी दोघांत ठरलं. तुळई नीट बसली तर घर राहील. नाही बसली तर घर पाडायचं, आणि योगीराजनं जन्मात पुन्हा माळवदाचं नाव काढायचं नाही.

माळवदाचं काम येणारा एकच माणूस आसपासच्या गावांत उरला होता. व्यंकटमामा सुतार. वय अठ्ठ्याहत्तर, छातीत कायमचा खोकला आणि तोंड महाफटकळ. गेली वीस वर्षं त्यांच्याकडं पोळपाट आणि खुर्च्यांचे मोडके पाय, एवढंच काम यायचं. तुळईचं नाव ऐकताच म्हातारा खाटेवर उठून बसला.

"मरायच्या आत एक तुळई बसवायची ऱ्हायली होती बघ," ते म्हणाले. "चल, लाकूड बघू."

कळंबला पाडलेल्या घरांचं लाकूड विकणाऱ्याकडं मामांनी तीन तास घालवले. एकेका तुळईला कान लावून, बोटानं ठोकून, तिला चार शिव्या देऊन पुढं सरकायचे. शेवटी एक चौदा फुटी सागवानी तुळई त्यांना पसंत पडली. काळीकुट्ट, धुळीनं माखलेली, अंगभर खिळ्यांची भोकं. योगीराजचं तोंड उतरलं.

"मामा, ही तर लई जुनी दिसती!"

"दिसण्याचं काय करतोस? लगीन लावायचंय का तिच्यासंगं? वाजवून बघ. लोखंड हाय, लोखंड!"

कामाला सुरुवात झाली. ट्रकचे दोन मोठे जॅक आणि बाभळीचे चार टेकू लावून मामांनी सोप्याचं छत केसभर वर उचललं. नवरा-बायकोनं बिऱ्हाड गोठ्यात हलवलं. रंगवलेली तुळई सुटली, सहा गड्यांनी ती अंगणात आणून टाकली. आणि खरंच सांगायचं तर, चिमूटभरही माती सांडली नाही! योगीराज लगोलग हॉटेलवर गेला. तो गेला नसता तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

"बघितलं का? आन् आमच्या दारात जुनं लाकूड पडलंय. ज्याला लागंल त्यानं खुशाल न्यावं! विचारायचंसुद्धा न्हाय!"

इकडं मामांनी काळ्या तुळईची दोन्ही टोकं तासून कुसं पाडली, खांबाच्या खाचेत नेमकी जाऊन बसतील अशी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हात झटकून म्हणाले, "गडी बोलव. आत्ताच बसवून टाकू."

पण योगीराजनं मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता.

"मामा, दोन्हीकडं लोखंडी पट्ट्या आन् बोल्ट मारायला पायजेत. परदेशात तसंच करतात."

"परदेशात माळवदं हायत का?"

"तसं न्हाय, पण मजबुती म्हणून..."

"आरं, कुसू बसलं की खिळासुद्धा लागत न्हाय! आन् त्या जॅकच्या भरवशावर ऱ्हाऊ नको. त्यो गुपचूप खाली बसतोय. म्या रोज सकाळी येऊन दांडा मारतोय म्हणून छत वर हाय."

"एका दिवसानं काय होतंय, मामा? उद्या कळंबहून बोल्ट आणतो, दुपारी बसवू."

मामांनी हत्यारं पिशवीत भरली आणि खोकत खोकत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी योगीराज उजाडताच कळंबला गेला. दुकानात बोल्ट निवडत असताना रामलिंगचा फोन आला. रामलिंग म्हणजे गावातला हौशी कार्यकर्ता. लग्न असो की मयत, मांडवापासून मडक्यापर्यंत सगळा जिम्मा त्याचा.

"भाऊ, व्यंकटमामा गेले!"

"कुठं गेले? त्यांना म्हणावं, मी बारापर्यंत येतो!"

"आता कशाचे बारा! पहाटं झोपेतच गेले!"

योगीराजच्या हातातला बोल्ट खाली पडला. आणि मनात पहिला विचार आला, आता तुळई कोण बसवणार? त्याची त्यालाच लाज वाटली. पण विचार काही हटेना.

"सुरज निघालाय जळकोटहून," रामलिंग सांगत होता. सुरज म्हणजे मामांचा मुलगा. "त्यो आला की लगेच उचलायचं. पर एक अडचण झालीय. गावात सगळ्यांकडं गॅस! सरणाला लाकूडच न्हाय! तुमच्या दारातली जुनी तुळई नेऊ का?"

"ने की! विचारतोस काय? आख्खी ने! मामांपेक्षा लाकूड जास्त हाय का?"

हे म्हणून योगीराजनं खाली पडलेला बोल्ट उचलला. आपण किती मोठ्या मनाचे आहोत, हे त्याला जाता जाता जाणवलं.

रामलिंग ट्रॅक्टर घेऊन अंगणात पोचला तेव्हा घरी कुणी नव्हतं. राजेश्वरी सकाळपासून मामांच्या बायकोपाशी, सिताबाईंपाशी, बसून होती. अंगणात दोन तुळया. एक तपकिरी, चकचकीत. दुसरी काळी, भोकाभोकांची. आता ह्यातली जुनी कुठली, हे कुणाला विचारायची काय गरज होती?

योगीराज एक वाजता बोल्टची पिशवी घेऊन दारात आला. अंगणात रंगवलेली तुळई उन्हात चमकत होती. तो तिच्याभोवती एकदा फिरला. मग गोठ्यात डोकावला. मग मोटारसायकलला किक मारून ओढ्याकडच्या स्मशानात सुटला.

सरण रचून झालं होतं. सगळ्यात खाली चौदा फुटी सागवान, दोन्ही बाजूंनी हात-दोन हात बाहेर आलेलं. तोडायला कुऱ्हाड घातली होती, पण कुऱ्हाडीनं टवकासुद्धा काढला नव्हता! म्हणून तसंच्या तसं ठेवलेलं. त्यावर गोवऱ्या, चार बाभळीची लाकडं, आणि त्यावर व्यंकटमामा. कुसू पाडलेली दोन्ही टोकं योगीराजकडं बघत होती.

"थांबा!" तो ओरडला.

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. सुरज पुढं आला आणि योगीराजच्या गळ्यात पडला.

"भाऊ! तुम्ही आख्खी तुळई दिली! गावानं चार-चार काटक्या दिल्या, आन् तुम्ही... माझा बाप जन्मभर लाकडात जगला, भाऊ. त्याला आज लाकडाचं कमी पडू दिलं न्हाय तुम्ही!"

आता ह्या पोराला काय सांगायचं? बाबा रे, बाप जरा बाजूला उचल, माझी तुळई खाली अडकलीय?  योगीराजच्या डोळ्यांसमोर जॅक होते. सकाळपासून कुणी दांडा मारलेला नव्हता. अजूनही सांगता आलं असतं. पण एकदा माणूस सरणावर ठेवल्यावर त्याखालचं लाकूड घरात कोण घेईल? राजेश्वरी तरी उंबऱ्याच्या आत येऊ देईल का?

तेवढ्यात रामलिंगनं श्रद्धांजलीचं भाषण सुरू केलं. मामांच्या आयुष्याला दोन वाक्यं आणि योगीराजच्या दानाला दहा मिनिटं! "असं सागवानी सरण आपल्या गावात आजवर कुणाला मिळालं न्हाय! भाऊ, दोन शब्द बोला."

योगीराज पुढं झाला. 

"मामांनी... मामांनी ही तुळई स्वतः निवडली होती," तो म्हणाला. एवढंच बोलून मागं सरकला. लोकांनी डोळे पुसले. सुरजनं अग्नी दिला. जुनं, वाळलेलं सागवान. बघता बघता पेटलं.

घरी येईस्तोवर योगीराजच्या डोक्यात एकच गोष्ट. आधी जॅक! तो धावत उंबऱ्यापाशी आला आणि थबकला. मयताहून आलेला माणूस अंघोळीशिवाय घरात जात नाही. आई गेली तेव्हा नाही गेला, वडील गेले तेव्हा नाही गेला. दोन मिनिटांचा तर प्रश्न! त्यानं अंगणातल्या हौदातून तांब्या भरला आणि डोक्यावर ओतला.

आतून एक कुरकुर ऐकू आली. मग बाभळीचा टेकू मोडल्याचा आवाज. मग सोपा खाली बसला. मोठा धडाकाही झाला नाही. हातभर जाडीची माती आपल्या वजनानं खाली आली, माजघराची तुळई तिच्या मागोमाग आली, आणि दारातून पांढऱ्या धुळीचा लोट योगीराजच्या ओल्या अंगावर येऊन चिकटला.

तो तांब्या हातात धरून उभाच राहिला. काल संध्याकाळी मामांनी गडी बोलवायला सांगितले होते. एक संध्याकाळ. तेवढीच मागितली होती म्हाताऱ्यानं. आपल्याला बोल्ट पाहिजे होते. आयुष्यातली शेवटची तुळई बसवायचं त्यांच्या मनातच राहिलं, आणि आपण स्मशानातसुद्धा मामांकडं नीट बघितलं नाही, लाकडाकडंच बघत बसलो. तेव्हा कुठं योगीराजला व्यंकटमामांसाठी रडू आलं. खाली बसून, तोंडात माती जाईपर्यंत रडला.

राजेश्वरी गल्लीतून ओरडतच आली. ती सोप्याकडं धावली, ढिगाऱ्यावर चढायला लागली, हातानं माती उपसायला लागली.

"अहो! अहो!"

"इकडं हाय मी," योगीराज हौदापाशी म्हणाला.

तिनं वळून त्या पांढऱ्याफटक माणसाकडं बघितलं. जवळ आली, त्याच्या छातीवर दोन बुक्क्या मारल्या आणि तिथंच मातीत बसली. पाडा पाडा म्हणणारी बाई, पण त्या दिवशी तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. पडलेल्या घराकडं बघत तीही रडायला लागली.

सगळं गाव जमलं. सगळ्यांत पुढं रामलिंग. ओल्या अंगानंच आलेला. त्यानं ढिगारा बघितला, हळहळला, नवरा-बायकोकडं बघून त्याचेही डोळे भरून आले. काहीतरी धीर द्यायला पाहिजे म्हणून त्यानं इकडं तिकडं नजर फिरवली. अंगणातल्या चकचकीत तुळईवर त्याची नजर पडली. त्यानं तिच्यावरून मायेनं हात फिरवला.

"रडू नका, भाऊ. घर गेलं ते गेलं. पर देवाची कृपा बघा, नवी तुळई तेवढी वाचली तुमची!"

राजेश्वरीनं पदर तोंडाला लावला. हसतीय की रडतीय, कळेना.

"व्हय बाबा," योगीराज म्हणाला. "तिच्यावर टेकू नको फक्त."