हिरूबाबांचं थांबणं

आमच्या हिरूबाबांना रिकाम्या घराला हाक मारायची सवय होती.

खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून बांधाला लाकडी फळ्यांचं दार असतं. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. भरतीला ती लावणं हे बाबांचं काम. शेवटची फळी बसली की घराकडे तोंड करून ते ओरडत, "लावली गोऽ!" मग कमरेवर हात, मान तिरकी, आणि नुसतं थांबायचं. थोड्या वेळानं नाक शिंकरून बिडी पेटवायची.

शाळेच्या गॅदरिंगला मी त्यांची नक्कल केली. हाकेला पोरं हसली, थांबण्याला तर गुरुजीसुद्धा हसून हसून डोळे पुसायला लागले.

त्यांची बायको, आमची सोनाआजी, वारून तीन-चार वर्षं झाली होती. ती असताना अंगणातून दोनदा उत्तर यायचं, "आयकलं, आयकलं!"

बाबांचं दुसरं वेड म्हणजे सारस. राखाडी अंग, लालभडक डोकं, उंची जवळजवळ माणसाएवढी आणि चाल मामलेदाराची. कुठून तरी एकच जोडी आली आणि आमच्या खाजणात, म्हणजे बांधाआडच्या या पाणथळ भातशेतात, राहिली. पावसाळ्यात त्यांनी पाण्यात गवताचा ढीग रचून अंडी घातली. तेव्हापासून ढीग बुडू नये म्हणून बाबा ओहोटीला जास्तीचं पाणी सोडून देत.

शेतवाले राजाभाऊ भडकले. "हिरू, माझं शेत सुकवतोस? पक्षी मोठा का भात?"

"उंचीनं पक्षीच मोठा हाय, भाऊ. आन् बालंतीण हाय ती. हलू बोला."

पिल्लं काही जगली नाहीत, पण जोडी राहिली. नर मान वर करून एकदा ओरडे, की मादी लगेच दोनदा. बाबा खूश व्हायचे. "बग, योक त्याचा, दोन तिचे. घरोघरी त्येच!" मी दोघांचेही आवाज हुबेहूब काढायचो.

त्या हिवाळ्यात गावात वीज आली. तारा खाजणावरून गेल्या, आणि एका सकाळी धुक्यात मादी तारेवर आपटली. बाबांनी तिला आपल्या धोतरात गुंडाळून बांधाखाली पुरलं.

नर तिथून हलेना, काही खाईना. एकदा ओरडायचा, मान तिरकी करून थांबायचा. पुन्हा ओरडायचा.

मला बघवेना. म्हटलं, "बाबा, मी देऊ उत्तर? निदान खाईल तरी."

मी तोंडाशी ओंजळ धरून दोनदा ओरडलो.

पक्षी ताठ झाला. मग पंख पसरून, पाणी उडवत आमच्याकडे धावत सुटला. मी आणखी जोरात ओरडणार, तोच बाबांचा चिखलानं भरलेला हात माझ्या तोंडावर आला.

"नको, पोरा. आला बग तो. आता काय दावशील त्याला?"

पक्षी अगदी जवळ येऊन थांबला. आमच्याकडे बघितलं, आमच्या मागे बघितलं. मग सावकाश परत गेला.

संध्याकाळी भरती आली. बाबांनी शेवटची फळी बसवली. "लावली गोऽ!"

सोनाआजीचा आवाजही मला काढता येतो. अगदी तस्सा. ओठांवर आलाच होता.

मी माझ्याच तोंडावर हात धरला आणि बाबांच्या शेजारी थांबलो.