तात्यांचा हॉर्न

आमच्या शेळगावात तात्यांच्या पिकअपचा हॉर्न कुणी कधी ऐकला नव्हता. रस्त्यात म्हैस आडवी आली तर तात्या खाली उतरून तिची समजूत घालतील, पण हॉर्न देणार नाहीत. "हॉर्न म्हंजी दुसऱ्यावर वरडणं," ते म्हणत. "आपुन थांबावं की! ब्रेक कशापायी दिलाय?"

ब्रेकचा एवढा अभिमान असणाऱ्याने तो नीट तरी ठेवावा? मागच्या चाकांचे लायनर पार झिजले होते. तात्या निमगाव केतकीच्या बाजारातून परतले की ओढ्याच्या वळणावर असा करकराट व्हायचा की आमच्या कोंबड्या खुराड्यात पळायच्या. मी शेजारी. लायनर बदला म्हणून सांगून दमलो. उत्तर ठरलेलं, "आवाज येतोय तवर ब्रेक हाय."

एके दिवशी आवाज आला, ब्रेक आला नाही. पिकअप थेट माझ्या कडब्याच्या गंजीत घुसली. तात्या डोक्यावरचा कडबा झटकत उतरले आणि मलाच म्हणाले, "थांबली का न्हाय?"

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या अंगणात दुरुस्ती निघाली. गॅरेजवाल्याने आपल्या गाडीला हात लावलेला त्यांना खपत नाही. पुढच्या चाकांना दगड लावून त्यांनी मागची दोन्ही चाकं, दोन्ही ड्रम काढले. ड्रमच्या आतलं सामान मात्र एका वेळी एकाच बाजूचं सोडायचं. स्प्रिंग कुठं बसते ते विसरलं की दुसरीकडे जाऊन बघायचं. पण डावीकडचं उजवीकडे उलटं दिसतं, त्यामुळे तात्या दुपारभर गाडीला प्रदक्षिणा घालत होते. शेवटी मला पेडलवर बसवलं.

"दाब!"

"दाबला!"

"सोड!"

"सोडला!"

काकू आतून ओरडल्या, "आवं, भांडताय का काय?"

ब्रेक झकास लागला. आवाज म्हणून नाही. तात्या संध्याकाळभर मिशीत हसत होते.

पुढच्या बाजाराहून तात्या कधी परतले ते मलाही कळलं नाही. गाडी दिसली म्हणून ब्रेकची चौकशी करायला गेलो, तर काकू थंड चुलीपुढे डोळे पुसत बसलेल्या आणि तात्या दारात पिशवी धरून उभे.

"आवं, कवा आला? मला वाटलं, कुठं आदळलाच. वळणावर वाजलं की माझा जीव भांड्यात पडायचा, मगच चहाचं भांडं चुलीवर."

घरात नवरा-बायको दोघंच. इतकी वर्षं मी त्या करकराटाला शिव्या घातल्या आणि ही बाई त्याच्यासाठी कान लावून बसायची. तात्या टोपी काढून उंबऱ्यावरच बसले.

त्यानंतरच्या बाजारी वळणावर बारीकसा आवाज आला. पें... मी धावत बाहेर आलो. रस्त्यात माणूस नाही, म्हैस नाही, फक्त तात्यांची पिकअप.

"तात्या, आज कुणावर वरडला?"

तात्या लाजले. आतून चहाचा वास येत होता.

"वरडलो न्हाय रं," ते हळूच म्हणाले. "हाक मारली."